सर्वानुमते

"कुणाचा काही संबंध?" न्यायाधीशांनी नेहमीसारखं विचारलं आणि टेबलाभोवतीच्या आम्ही सगळ्यांनी नेहमीसारखं "नाही" म्हटलं. हा आमच्या वैद्यकीय नीती समितीचा रिवाज. प्रत्येक प्रस्तावाआधी हा प्रश्न येतो. ज्याचा प्रस्ताव असेल त्याच्याशी कुणाचं नातं, मैत्री, वैर, काहीही असलं तर तसं सांगायचं, उठायचं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं. प्रस्तावाच्या कागदावर मात्र नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, म्हणजे आम्ही निःपक्षपाती राहावं म्हणून. मग संबंध आहे की नाही हे आधी कळणार कसं, ही शंका मला पहिल्याच वर्षी आली होती आणि मी ती चहाबरोबर गिळली होती. इतक्या वर्षांत फक्त प्राध्यापक एकदा उठले, कारण भाच्याचा प्रस्ताव होता आणि भाच्यानं घरीच सांगितलं होतं. बाकावर बसून त्यांनी झकास डुलकी काढली. तर मी "नाही" म्हटलं तेव्हा माझं बिस्किट चहात पडलं होतं आणि मी ते चमच्यानं काढत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि माणसाच्या आधी आवाज आत आला. "खोली जरा गार करता का हो? थोडंसं थंड वाटेल हं, पण आमचं हे यंत्र तापतं." शिपायानं एसी वाढवला. माझ्या हातातला चमचा बशीवर खणकन पडला. वकीलबाईंनी वळून पाहिलं. "काही नाही, निसटला," मी म्हटलं.

थोडंसं थंड वाटेल हं. माणसाचे केस जातात, पोट सुटतं, चालताना एक खांदा खाली येतो, पण आवाजाला म्हातारपण उशिरा गाठतं. आत आलेल्या माणसाला मी रस्त्यात ओळखलं नसतं. टक्कल, सोनेरी काड्यांचा चष्मा, उंची सूट. सूट चांगल्या लाँड्रीत धुतलेला होता, बाहीला चुकून दुहेरी घडी पडलेली नव्हती, हे मला लगेच दिसलं कारण आयुष्यभर मी तेच पाहत आले. पण तो "हं" दिसत नव्हता, तो ऐकू येत होता. त्यानं वाक्याच्या शेवटी तो "हं" लावला की समोरच्याला वाटावं, आपल्याला विचारूनच चाललंय सगळं. हा "हं" मी एका खाटेवर पडून ऐकला होता. त्यानंतर किती तरी वर्षं तो माझ्या कानात मुक्कामाला होता, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा. या डॉक्टरनं सगळ्यांना नमस्कार केला. मलाही केला. माझ्यासमोरच्या पाटीवर त्याची नजर गेली, पाटीवरून माझ्या चेहऱ्यावर आली आणि चेहऱ्यावरून पुढे वकीलबाईंकडे सरकली. कुठेही अडखळली नाही.

पाटीवर "सामान्य व्यक्ती" असं लिहिलंय. समितीत न्यायाधीश लागतात, वकील लागतो, तत्त्वज्ञानाचा माणूस लागतो आणि एक सामान्य व्यक्तीही लागते, असा नियम आहे. न्यायाधीशांचे काळे कोट माझ्या लाँड्रीत यायचे. ते निवृत्त झाले तेव्हा शेवटचा कोट न्यायला आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सामान्य आहात ना?" मी म्हटलं, "आता तुम्हीच म्हणताय तर असेन." अशी माझी नेमणूक झाली. काम सोपं. विद्वान लोक बोलतात, आम्ही ऐकतो, शेवटी न्यायाधीश म्हणतात, "बाई, सामान्य माणसाला हे कळेल ना?" आणि मी मान हलवते. मग ते टेबलाभोवती नजर फिरवतात, एकेक मान हलते, आणि ते लेखनिकाला सांगतात, "सर्वानुमते." हात वर करणं त्यांना शाळकरी वाटतं, तोंडानं बोलायला लावणं उद्धट वाटतं. प्रस्ताववाल्यानं मतदानाच्या वेळी बाहेर जावं असंही कुठेतरी लिहिलंय, पण न्यायाधीश त्याला हातानं बसवतात. "बसा हो, दोन मिनिटांचं तर काम." मी डुकराच्या हृदयाच्या झडपांना मान हलवलीय, उंदरांना हलवलीय, आंधळ्यांच्या डोळ्यांत घालायच्या तारांना हलवलीय. आणि टेबलाभोवतीची एक जरी मान हलली नाही तर प्रस्ताव परत जातो, पुढल्या वर्षी नव्यानं यावा लागतो, हा नियम मला माहीत होता. वापरायची वेळ कधी आली नव्हती. पुढल्या वर्षीपर्यंत हा माणूस निवृत्त होणार होता. हे त्यानंच बोलायला उभं राहताना पहिल्या वाक्यात सांगितलं. "हा माझा शेवटचा आणि सगळ्यात जवळचा प्रकल्प आहे," तो म्हणाला.

तेव्हा त्याला दाट केस होते. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली तो शिकत होता आणि खाटेखाटेशी जाऊन बोलायचं काम त्याच्याकडे होतं, कारण बोलणं गोड. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, सगळे उपाय झाले होते, सासूबाईंचं बोलून झालं होतं आणि बोलणं थांबल्यावर त्याहून वाईट झालं होतं. मग पोटात सुया घेतल्या, बीजं पिकवली. ती काढायच्या दिवशी त्यानंच माझ्या मांडीला औषधाचा बोळा लावला आणि म्हणाला, थोडंसं थंड वाटेल हं. मग काही नाही. मग छतावरचा गोल दिवा, आणि थंडी. भूल उतरताना काही माणसांना अशी थंडी भरते हे मला नंतर कळलं. दातावर दात आपटत होते, खांदे उडत होते, मान गादीवर खालीवर होत होती आणि ती माझी आहे असं मला वाटतच नव्हतं. नर्स पांघरूण आणायला गेलेली. नवरा माझी पर्स छातीशी धरून उभा, जसा काही कुणी ती पळवणार आहे. आणि हा खाटेवर वाकून म्हणत होता, "यांचे गर्भ तयार झाले की त्यातले एक-दोन आपण आत सोडू. बाकीचे उरतील, ते वाया घालवण्यापेक्षा आमच्या संशोधनाला दिले तर चालेल ना? हं?" मला शब्द ऐकू येत होते, पण ते दुसऱ्या खोलीतल्या रेडिओसारखे, ज्याच्याशी आपला संबंध नाही. मान हलत होती. नवरा म्हणाला, "हो म्हणतेय." आणि हा म्हणाला, "छान." तो "छान" मी ऐकला. त्यानंतर पांघरूण आलं.

आत सोडलेलं राहिलं नाही. मी चार महिने घरात कुणाशी बोलले नाही, मग केस विंचरले, चांगली साडी नेसले आणि उरलेल्यांसाठी परत गेले. माझ्या डोक्यात ते कुठंतरी थंडगार कपाटात ओळीनं वाट पाहत होते. हाच होता टेबलाशी. त्यानं रजिस्टर उघडलंही नाही, इतकी त्याला खात्री. "उरलेले? ते तर तुम्ही आम्हाला दिलेत." मी म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, "मी स्वतः विचारलं ना तुम्हाला, खाटेवर. तुम्ही मान हलवलीत." मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आपल्या बुटांकडे पाहत होता, बुटांना पॉलिश हवं होतं. सही नवऱ्याची चालली होती. दोघांतल्या एकाची पुरे, असा तेव्हा तिथला रिवाज. पुन्हा सुया घेतल्या तर बीजं पिकलीच नाहीत, वय तेवढं थांबायला तयार नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता दुसरीकडे मन रमवा. मी लाँड्री टाकली.

एक सांगते, मी त्यांना मुलं म्हणत नाही. लोक मला विचारतात तेव्हा मी म्हणते, मूल नाही. त्या काचेच्या ताटलीत काय होतं, जीव होता की नुसता जिवाचा विचार, यावर प्राध्यापकांनी तासभर बोलावं, मी ऐकीन. पण कोट म्हणजे माणूस नव्हे म्हणून तो कुणीही घेऊन जावा असं नाही. कोट कुणाचा तरी असतो. माझ्या लाँड्रीच्या मागच्या दांडीवर न नेलेले कपडे लटकायचे. बाकीचे लाँड्रीवाले वर्ष झालं की वाटून टाकतात, दाराशी तशी पाटीही लावतात. मी पाटी लावली नाही. लग्न मोडलेल्या मुलीचा शालू, मेलेल्या माणसाची पँट, परदेशी गेलेल्याचा स्वेटर, सगळं ठेवलं, वाळवीला घाबरून पुन्हा पुन्हा झटकलं. नवरा म्हणायचा, "अगं, कोण येतंय आता? देऊन टाक." मी त्याच्याकडे नुसती पाहायची. आमच्या संसारात ते एक वाक्य कधी बोललं गेलं नाही, पण ते जेवणाच्या टेबलावर मीठदाणीच्या शेजारी रोज असायचं.

सुडाचं एक बरं असतं, त्याला भांडवल लागत नाही. माझ्या हातात इस्त्री असायची आणि डोक्यात तो. पहिली काही वर्षं मी साधेच सूड घेतले, त्याला जिन्यावरून पाडला, त्याच्यावर भुंकायला कुत्री सोडली. मग मी त्यात सुधारणा करत गेले, जशी कामात करत गेले. माझा आवडता सूड असा होता की एक दिवस त्याचा कोट माझ्याकडे येतो. चांगला, लोकरीचा, बायकोनं भेट दिलेला. मी तो जाळत नाही, डाग पाडत नाही. उलट असा धुते की नवाकोरा दिसावा. तो घ्यायला येतो तेव्हा कोट काउंटरच्या मागे त्याला दिसेल असा लटकत असतो. तो म्हणतो, "माझा कोट." मी म्हणते, "तो? तो तर तुम्ही आम्हाला दिलात. मान हलवलीत की." आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते. त्याला कळेपर्यंत. यातलं "कळेपर्यंत" महत्त्वाचं. इतकी वर्षं मी फक्त तेवढ्यासाठी त्या कोटाची वाट पाहिली. तो आला नाही. बहुधा इस्पितळाचीच लाँड्री असेल.

आता तो पडद्यासमोर उभा होता आणि छडीनं गोल गोल ठिपके दाखवत होता. "रुग्णाच्या कातडीची एक पेशी घ्यायची. तिचं केंद्रक, म्हणजे तिच्यातला सगळा नकाशा, काढायचा. दुसरीकडे स्त्रीबीज घ्यायचं, त्याचं केंद्रक काढून टाकायचं आणि त्या जागी हे बसवायचं. भ्रूण वाढू लागतो. काही दिवसांनी त्यातून आपल्याला हव्या त्या पेशी काढून घ्यायच्या. रुग्णाच्याच असल्यानं त्याचं शरीर त्या नाकारत नाही." प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे डॉक्टर, ती त्या माणसाची नक्कलच झाली की." "नक्कल जन्माला येत नाही, सर. त्याआधीच आपण ती थांबवतो." "थांबवता म्हणजे मारता," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना स्पष्ट बोलायची फी मिळते, त्यामुळे सवय आहे. "थांबवतो," तो गोड हसला. "जे कधी सुरूच होणार नव्हतं, ते मारलं असं कसं म्हणायचं? हं?" न्यायाधीशही हसले. मी त्या ठिपक्यांकडे बघत होते. राखाडी, जरा फुगीर, कडेला किंचित दबलेले. "हे तंत्र आम्ही फार पूर्वी शिकलो," तो म्हणाला, "काही उदार जोडप्यांनी आपले शिल्लक भ्रूण आम्हाला दिले, त्यांच्यावर. ही छायाचित्रं तेव्हाचीच. त्या उदार लोकांशिवाय आज मी इथं नसतो." उदार. मला आजवर पुष्कळ नावं ठेवली गेलीत, सासूबाईंची तर पाठ आहेत, पण हे नवं होतं. त्या ठिपक्यांतला एखादा माझा असेल किंवा नसेल. कळायला मार्ग नव्हता आणि तो ठेवलाही नव्हता. मला पायांच्या बोटांपासून गार वाटायला लागलं. साडीचा पदर मी खांद्यांवरून ओढून घेतला.

गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात. माझी गरज सरली आणि वैद्य बाळसेदार झाला. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी काउंटरशी आलं होतं. कोट त्याच्या हातात होता आणि तो मला म्हणत होता, घ्या. मी फक्त मान हलवायची नाही. बस्स, एवढंच. जगातला सगळ्यात सोपा सूड, काही न करण्याचा. मग माझ्या लक्षात आलं की याला हे कधी कळणारच नाही. समितीनं परत पाठवलं, एका सामान्य बाईला समजलं नाही, एवढंच तो घरी जाऊन बायकोला सांगेल आणि दोघं हसतील. त्याला कळायला हवं असेल तर मला बोलावं लागेल. आणि बोलले, की न्यायाधीश हळूच म्हणतील, "बाई, मग तुमचा संबंध आहे. जरा बाहेर बसता का?" मी बाकावर, हा आत, आणि आतल्या उरलेल्या सगळ्या माना हललेल्या. म्हणजे सूड हवा तर गप्प बसा, आणि बोलायचं तर सूड सोडा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हा नियम ज्यानं केला त्याचं कुणी काही नेलं नसणार.

मग त्यानं हात दाखवले. पडद्यावर एका म्हाताऱ्याचे हात आले, चहाचा कप धरलेले, आणि कप बशीत नाचत होता. आवाजही होता चित्रफितीला, कपाचा. "कंपवात," डॉक्टर म्हणाला. "मेंदूतल्या ठरावीक पेशी मरतात. आपण त्या पुन्हा वाढवून घालणार आहोत. आज-उद्या नाही, पण माझ्या हातून सुरुवात झाली तर काही वर्षांत." वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मी त्या कपाकडे पाहिलं आणि माझ्या घरातला कप मला ऐकू आला. नवऱ्याला हे सुरू होऊन बराच काळ झाला. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. आज लावत होते तर तो म्हणाला, "काय गं, आज कसली मीटिंग?" मी म्हटलं, "असेल काहीतरी, उंदीर-बिंदीर." तो म्हणाला, "आमच्यासाठी बघा हो एखादा उंदीर." आणि हसला, आणि हसताना त्याचा हात माझ्या मनगटावर फडफडत होता. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात अरे. बटण लावताना मी पुष्कळदा मनात म्हटलंय, अरे, याच हातानं धरली होतीस ना माझी पर्स? आणि तरी बटण नीटच लावलंय, गळ्याचंसुद्धा, त्याला टोचणार नाही असं. राग एका खिशात आणि माया दुसऱ्या, दोन्ही एकाच कपड्याचे. आता मला दोन दोन संबंध होते. एक म्हणत होता याला बुडव, दुसरा म्हणत होता नवऱ्याला तार, आणि दोघांनीही खरं तर मला बाहेरच्या बाकावरच पाठवायला हवं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या कुणी हेच आणलं असतं तर मी मान हलवली असती का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, कारण सामान्य असले तरी खोटी नाही. हलवली असती. ठिपके थांबवले काय, मारले काय, तिकडे कुणाचे तरी हात थांबणार असतील तर सामान्य माणूस मान हलवतो. म्हणजे माझं हे "नाही" नीतीचं नव्हतं. ते माझं होतं. जुनं, घडी घातलेलं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. मला बरं वाटलं ते ओळखल्यावर. उगाच नीतीचा शालू पांघरायला नको.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "सामान्य माणसाला हे कळेल ना?" मी म्हटलं, "एक विचारू?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा विचारत होते आणि शिपायानंसुद्धा ट्रे खाली ठेवला. "ही बीजं, हे शिल्लक राहिलेले, हे तुम्ही त्या बायकांकडून मागता कधी?" डॉक्टरनं मान तिरकी करून माझं कौतुक केलं. "फार छान प्रश्न. आम्ही रीतसर विचारतो, अगदी मोकळेपणी. शस्त्रक्रिया झाली की तिथंच, खाटेपाशी. परत परत बोलवायला नको, त्यांचाही हेलपाटा वाचतो." "भुलीतून उठल्यावर?" "उठल्यावरच. झोपलेल्यांना कसं विचारणार?" सगळे हसले. "आणि त्या काय म्हणतात?" तो क्षणभर आठवल्यासारखा थांबला, मग म्हणाला, "बोलायचं त्राण नसतं हो त्यांना बरेचदा. पण मान हलवतात. आनंदानं हलवतात. आजवर कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही." न्यायाधीश माझ्याकडे वळले, "झालं समाधान?" म्हणजे तो अजून तिथंच उभा होता, त्याच खाटेशी, इतकी वर्षं. केस गेले, सूट आला, आणि खाटेवर एकामागून एक बाया येऊन पडल्या आणि थंडीनं हलल्या, आणि हा प्रत्येकीला "छान" म्हणाला. मी एकटीच असते तर गोष्ट वेगळी होती. मी मनात माझा सूड घट्ट धरून बसले होते, माझ्या एकटीचा, आणि आता त्याच्या आत इतक्या जणी शिरल्या की मला माझा सापडेना. त्यामुळे मला आणखीच राग आला.

"मग घेऊ या," न्यायाधीश म्हणाले. डॉक्टर उठू लागला तसं त्यांनी त्याला हातानं बसवलं. "बसा हो, दोन मिनिटांचं काम." त्यांची नजर फिरू लागली. प्राध्यापकांनी मान हलवली. त्यांनी नकलेबद्दल बोलून घेतलं होतं, त्यांचं काम झालं होतं. वकीलबाईंनी पडद्यावरच्या थांबलेल्या कपाकडे पाहिलं आणि हलवली. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ताठ बसले. नवऱ्याचा हात डोळ्यांसमोर आला, मी त्याला म्हटलं, राहू दे. पाप लागलं तर माझ्या माथी लागू दे. तुझी बटणं मी लावीन जन्मभर, पण ही मान मी याला देणार नाही. दात मी घट्ट आवळले. एसीची धार सरळ माझ्या मानेवर येत होती. पाठीच्या कण्यातून काहीतरी वर सरकत आलं, ओळखीचं, आणि खांदे उडाले, आणि मी कितीही दाबली तरी माझी मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"सर्वानुमते," न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं. डॉक्टर कागद गोळा करू लागला आणि म्हणाला, "छान."

"मी हो म्हटलेलं नाही," मी म्हटलं.

आवाज मोठा नव्हता. पण न्यायाधीशांचा हात बिस्किटाच्या बशीवर थांबला. "अहो बाई, आत्ता मान हलवलीत की तुम्ही. मी स्वतः पाहिलं."

"मी नाही हलवली. थंडीनं हलली. मला थंडी भरली की अशीच हलते. भुलीतून उठताना तर फार."

मी हे न्यायाधीशांना सांगत होते आणि पाहत होते त्याच्याकडे. तो कागद ठोकून सारखे करत होता. एकदा ठोकले, दोनदा ठोकले, मग हात तसेच राहिले. त्यानं वर पाहिलं. पहिल्यांदा त्याची नजर पाटीवर न जाता माझ्यावर आली आणि सरकली नाही. मी पदर खांद्यावरून काढला आणि मान थरथरत होती तशी थरथरू दिली, त्याला नीट दिसावी म्हणून. आधी त्याला काही कळलं नाही. मग चष्म्यामागे काहीतरी शोधाशोध सुरू झाली, खाटांमागून खाटा, आणि मग ती एका जागी थांबली. किंवा थांबली नसेलही. कदाचित त्याला माझी खाट सापडलीच नसेल, नुसत्या खाटाच दिसल्या असतील, सगळ्या हलणाऱ्या. त्याचा चेहरा पांढरा पडला, कॉलरच्या वर, हळूहळू. मी इतकी वर्षं इस्त्री करताना हा चेहरा पाहिला होता. खरा तितका देखणा नव्हता, पण पुरला.

"बाई," न्यायाधीश गोंधळून म्हणाले, "तुमचा यात काही संबंध..."

"माझा?" मी म्हटलं. "छे हो. मी आपली सामान्य व्यक्ती. माझी हरकत लिहून घ्या."

न्यायाधीशांनी माझ्याकडून त्याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडून माझ्याकडे. जुना माणूस, कोर्टात केस पांढरे झालेले. खोलीत काहीतरी घडलंय एवढं त्यांना कळलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "तुमची बाईंशी काही पूर्वीची ओळख आहे का? असेल तर सांगा, मग यांचं मत धरता येणार नाही. पण ओळख कशी, तेही सांगावं लागेल."

आता दार त्याच्या बाजूला होतं. ओळख आहे म्हटलं तर माझं "नाही" पुसलं जाणार होतं, त्याचा शेवटचा, सगळ्यात जवळचा प्रकल्प वाचणार होता, आणि माझ्या नवऱ्याचा कपही कदाचित कधीतरी थांबणार होता. त्यानं फक्त खाट सांगायची होती. लेखनिकानं पेन उचललं. डॉक्टरनं ओठ ओले केले, माझ्याकडे पाहिलं, त्या पडद्यावरच्या हातांकडे पाहिलं, आणि मान हलवली. हो की नाही, तेही धड कळेना.

"मानेनं नको, डॉक्टर," मी म्हटलं. "तोंडानं सांगा."